किती सीसीची घ्यायची

आंबेटेप पाड्यापर्यंत गाडी येत नाही. पाडा खोलगट जागेत वसलाय. बाहेर पडायचं तर आधी ओढ्यापर्यंत उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि मग कातळाची उभी चढण चढून डांबरीवर यायचं. डांबरीपर्यंत रुग्णवाहिका येते, तिथून धसईचा दवाखाना लांब नाही. पण आजारी माणूस डांबरीपर्यंत पोचवायचा तो झोळीतूनच. बांबूला घोंगडी बांधायची, चौघांनी खांदा द्यायचा.

दर्शना या पाड्याची आशा सेविका. खांदा द्यायला माणसं गोळा करायची, झोळीबरोबर पळायचं आणि पळता पळता फोनला रेंज शोधायची, हे सगळं तिच्याच वाट्याला. त्यामुळे मुंबईच्या एका संस्थेनं पाड्याला एटीव्ही द्यायचं कबूल केलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. मोठ्या जाड चाकांची चारचाकी फटफटी, मागे स्ट्रेचरची ट्रॉली. आता झोळी सुटली, असं तिला वाटलं.

सुटलं काहीच नाही. अख्खा उन्हाळा एकाच प्रश्नावर बैठका झाल्या. इंजिन किती सीसीचं घ्यायचं?

संस्थेकडून सुयोग यायचा. तरुण इंजिनीअर, स्वभावाने चांगला. आसनगावला राहायचा, मोटरसायकलवर यायचा. शाळेच्या ओट्यावर बसून लॅपटॉप उघडायचा आणि समजावून सांगायचा, "चालवणारा सत्तर किलो धरा, पेशंट साठ. वर ट्रॉलीचं वजन. दोनशे सीसी भरपूर झालं."

समोर जयराम बसलेला असायचा. पाड्यात त्याचा शब्द चालतो. तो मान हलवून म्हणायचा, "घ्यायची तर सातशेची घ्या, साहेब. ताकद काय वाया जाते काय? भाताची पोती येतील, बांधाचे दगड ओढील."

"काका, ती पेशंटसाठी हाय," दर्शना म्हणायची.

"पेशंट काय रोज असतो गो?"

यावर पुरुष हसायचे. मग दर्शना सुयोगकडे वळायची. "सर, पेशंट कधी एकटा नसतो. बाळंतपणाला बाईची आई येते, नाय तर सासू. मी असते. तिघींचं वजन धरलंय का तुमी?"

"ताई, ते टेक्निकल आहे, मी बघतो," सुयोग म्हणायचा आणि पुढच्या रकान्याकडे जायचा.

घरी आल्यावर दर्शना भांडी आपटायची. नवरा विचारायचा, "आज काय ठरलं?" ती म्हणायची, "पुढची बैठक ठरली."

तिचा राग नुसता त्या दोघांवर नव्हता. तिला स्वतःला लहान गाडी हवी होती. लहान गाडी आपल्याला झेपेल, हँडल आपल्याला वळवता येईल, असं तिला वाटे. शिवाय मोठी गाडी आली की ती जयरामच्या खळ्यात जाऊन उभी राहणार, त्याची पोरं ती फिरवणार, हे तिला दिसत होतं. पण हे बैठकीत बोलायचं कसं? म्हणून ती एकीकडे वजन जास्त भरेल म्हणून भांडायची आणि दुसरीकडे दोनशेलाच हात वर करायची. आपलं बोलणं जुळत नाही, हे तिलाही कळायचं. त्यानं ती आणखीच चिडायची.

शेवटी तीच म्हणाली, "चढणीवर लावून बघा. मी पेशंट होते."

कल्याणचा विक्रेता टेम्पोतून दोन गाड्या घेऊन आला. एक दोनशेची, एक सातशेची. आधी लहान गाडीला ट्रॉली जोडली. दर्शना स्ट्रेचरवर आडवी झाली, तिला पट्टे बांधले. तिच्या पायाशी शेजारची रखमी बसली, पेशंटची आई म्हणून. चालवायला सुयोग.

ओढा पार झाला. चढणीच्या निम्म्यापर्यंत गाडी रडतखडत गेली. मग जळक्या रबराचा वास आला, इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि चाकं जागीच थांबली. दर्शनाला वर फक्त आभाळ दिसत होतं. ट्रॉली मागे सरकतेय हे तिच्या पाठीला कळलं.

"धरा रे! धरा!" रखमी किंचाळली.

खालची माणसं धावली, खांदे लावून त्यांनी ट्रॉली अडवली. पट्टे सोडल्यावर दर्शनानं त्या लहान गाडीकडे वळून पाहिलं. इतके दिवस आपण हिच्यासाठीच हात वर करत होतो.

मग जयराम सातशेवर बसला. "आता बघा!" ती गाडी चढण अशी चढली, जणू चढण नव्हतीच. पण प्रत्येक दगडावर ट्रॉली उडत होती. या वेळी ट्रॉलीत पोती होती आणि वर पोचेपर्यंत त्यातली दोन खाली पडली. परतताना ओढ्याच्या चिखलात मागचं चाक रुतलं. गाडी इतकी जड, की सगळा पाडा लावला तेव्हा कुठे बाहेर आली.

विक्रेत्यानं घाम पुसला. "मधली येते. साडेचारशे, लो गिअरवाली. हळू चढते, पण वजन घेऊन चढते. उतरताना इंजिनच गाडी धरून ठेवतं."

"मग ती का नाय आणली?" दर्शनानं विचारलं.

"मागवावी लागते. कोणी विचारलीच नाही."

मागवली. ती येईपर्यंत पावसाळा सरत आला. मध्ये भाताच्या आवणीच्या दिवसांत पाड्यातल्या कोंडूला शेतात साप चावला. त्याला झोळीत घातला, ओढ्याला कमरेएवढं पाणी. दोरखंड धरून पलीकडे काढला. कोंडू वाचला, पण पायाचा अंगठा काढावा लागला. त्या रात्री दर्शनानं सुयोगला फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोलली. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी वजनाचं तुमचं ऐकायला हवं होतं." त्यानं तिचा राग कमी झाला नाही. त्याच्यावर ओरडणं मात्र अवघड झालं.

गणपतीनंतर गाडी आली. हार, नारळ, फोटो. शिकवायला आलेल्या माणसानं जयरामच्या मोठ्या मुलाला चालवायला शिकवलं. दर्शना हटूनच बसली म्हणून तिलाही शाळेच्या पटांगणात काही फेऱ्या मारू दिल्या. चावी द्यायची वेळ आली तेव्हा पाहुण्यांनी ती जयरामच्या हातात ठेवली. तसाच रिवाज होता. गाडी त्याच्या खळ्यात, निळ्या ताडपत्रीखाली गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रखमीच्या धाकट्या मुलीला तापात झटके यायला लागले. दर्शना जयरामच्या घरी धावली. जयराम मुरबाडला, पोरगा त्याच्याबरोबर. घराला कडी. चावी खिशात, खिसा मुरबाडला. दर्शनानं ताडपत्री ओढून काढली आणि त्या गाडीवर जोरात लाथ मारली. लागलं तिलाच. मग पुन्हा बांबू, पुन्हा घोंगडी, पुन्हा खांदे.

मुलगी दवाखान्यात सावरली, दिवस मावळायच्या आत तिला घरी आणलं. संध्याकाळी दर्शना लंगडत थेट जयरामच्या दारात आली. जयराम अजून परतला नव्हता. त्याची बायको सरस्वती नुकतीच रानातून आली होती, डोक्यावरचा भारा उतरवत होती.

"काकी, तुमच्या घरच्यांनी आज पोर मारली असती!"

सरस्वतीनं सगळं ऐकून घेतलं. मग खळ्याकडे बोट दाखवलं. "भात कापायला आलं. हे धूड हितं बसलंय, खळं सारवू कधी मी? सांगून सांगून तोंड दुखलं. त्याला शोभेला पायजे ना दारात." ती आत गेली, देवाच्या फळीवरून दुसरी चावी घेऊन आली. "ने. आत्ताच ने. परत आणू नको."

दर्शनानं इतकं भांडण मनात जुळवून आणलं होतं, की चावी हातात आल्यावर क्षणभर तिला काय करावं ते सुचेना. ती गाडीवर बसली. गाडी मागे कशी घ्यायची ते आठवेना, पुढेच घेतली, सरस्वतीच्या कुंपणाच्या दोन काठ्या मोडल्या. "मोडू दे गो, जा!" सरस्वती ओरडली.

जयराम परतल्यावर सरळ दर्शनाच्या अंगणात आला. मागून माणसंही आली.

"कोणाला विचारून आणलीस?"

"रखमीला विचारा," दर्शना म्हणाली. "सकाळी मी कोणाला विचारायचं होतं, ते पण सांगा. चावी हितंच राहील. पोती न्यायची असली तर येऊन मागा. गाडी मोकळी असली तर देईन."

"मी मागू? तुझ्याकडं?"

"मग काय करू, काका? तुमच्या मागं मुरबाडला येऊ?"

कोणी हसलं नाही. रखमी मुलीला कडेवर घेऊन उभी होती, ती जयरामकडे नुसती बघत राहिली. जयरामनं खिशातली चावी चाचपली, पण बाहेर काढली नाही. "बघू बैठकीत," असं म्हणून तो गेला.

बैठक झाली. एक नाही, तीन झाल्या. त्याची चावी त्याच्याकडेच राहिली, त्यानं ती दिली नाही आणि दर्शनानंही मागितली नाही. गाडी मात्र तिच्या अंगणातून हलली नाही. दोनदा तो पोती न्यायला आला. मागितलं नाही, नुसतं "नेतो" म्हणाला. ती "अंधाराच्या आत आणा" म्हणाली. आणली.

थंडीत पाड्यातल्या बाईजाचे दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या. दर्शनानं तिला पट्टे बांधले, तिच्या सासूला पायाशी बसवलं, लो गिअर टाकला. ओढ्यापर्यंत इंजिनानंच गाडी धरून हळू उतरवली, मग ती, ओढ्यात डगमगली, चढणीला लागली. दर्शनाचे दंड दुखायला लागले होते, हँडल अजूनही तिला जडच जायचं. मागून बाईजा प्रत्येक दगडागणिक तिच्या सात पिढ्या उद्धरत होती.

"हळू चालव गो! मेले मी!"

"याच्यापेक्षा हळू हिला येत नाय, बाईजा."

"मग कोणी घेतली असली गाडी?"

"सगळ्यांनी मिळून," दर्शना म्हणाली. वर डांबरीवर रुग्णवाहिकेचा दिवा दिसायला लागला होता.