दोन घरचा ढेपू

तर ऐका, चिमणी पुरती अडकली होती. दाराला कडी नव्हती, काही नव्हतं. पण प्राण्यांच्या दवाखान्यातली ती मागची खोली, टेबलावर टॉवेलखाली ढेपू, नुसतं शेपटीचं टोक बाहेर, आणि टेबलाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. आता हलायचं कुठे, सांगा!

ढेपू म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. आईबाबा वेगळे झाले तेव्हा भांडी वाटली, कपाटं वाटली. वाटता आले नाहीत ते हे दोघं, लेक नि कुत्रा. म्हणून चिमणी नि ढेपू अर्धा आठवडा आईकडे, अर्धा बाबांकडे. पिशवीसुद्धा एकच. तिचे कपडे, त्याची वाटी. कॉलेजात गेली तरी तेच.

ढेपू सकाळी सलाईनवरच गेला. डॉक्टरीणबाईंनी आईला कळवलं, मग बाबांना कळवलं, आणि दोघांनाही विचारलं, "पुढचं काय करायचं?" इथेच घोळ झाला ना! एकमेकांना विचारतील तर ते आईबाबा कसले? आईने परसात खड्डा खणून घेतला, आणि बाबांनी दहनाची गाडी थेट दवाखान्याच्या दारात आणून उभी केली.

"लिंबाखाली पुरणार मी त्याला," आई म्हणाली.

"आणि मी काय, तुझ्या फाटकाबाहेरून बघू? त्याचं एकट्याचं वेगळं दहन करायचं. राख माझ्याकडे राहील."

"हो, टीव्हीशेजारी, रिमोटच्या बाजूला!"

डॉक्टरीणबाई मधे पडल्या. "राख अर्धी अर्धी पण देतात हं, दोन डब्यांत."

चिमणीने टॉवेलवर हात ठेवला. मेल्यावरही अर्धा अर्धा?

"तूच सांग गं," आई म्हणाली.

"हो, तूच सांग, चिमणे."

झालं! सुट्टी कुणाकडे, वाढदिवस कुणाकडे, कायम तूच सांग. आणि सांगितलं की एकाचं तोंड आठवडाभर फुगलेलं. इकडे आड, तिकडे विहीर.

गाडीवाले काका हातमोजे घालून दारात ताटकळलेले. "ताई, लवकर ठरवा. गाडीत अजून दोघं आहेत."

"कोण?" चिमणीने विचारलं.

"एक लॅब्रडॉर नि एक बोका. त्यांचं सामूहिक आहे. सगळ्यांचं एकत्र दहन. राख घरी कुणालाच मिळत नाही, तिथल्याच झाडांना घालतात."

कुणालाच नाही! चिमणीने शेपटी हळूच टॉवेलात घेतली.

"काका, ह्यालाही त्यांच्यातच न्या."

"काय?" आई आणि बाबा, एकदम!

"अगं, परक्या कुत्र्याबरोबर?"

"आणि बोक्याबरोबर? त्याला मांजर बघवायचं नाही!"

"दगड आहे पोरगी, दगड!"

"आम्हा दोघांना हे अजिबात मान्य नाही," बाबा म्हणाले, आणि आईने मान डोलावली. आम्हा दोघांना, म्हणे! चिमणीला हसावं की रडावं कळेना.

पण ती मागे हटली नाही. काकांनी ढेपूला उचललं, तिने त्याचं डोकं धरलं, आणि गाडीपर्यंत ते दोघं मागून एका सुरात बोलत राहिले. गाडी गेली तशी दोघं दोन दिशांना वळले. आता दोन्ही तोंडं फुगणार होती, आणि संध्याकाळी तिला जायचं होतं त्यातल्याच एकाच्या घरी.