खारीची जागा

अंजनाबाईंनी लाकडी खार उचलली आणि पटावरच्या बोरांच्या झुडपाखाली ठेवली. वासुदेवने ती दोन बोटांत धरून पुन्हा त्यांच्यापुढे आणून ठेवली.

“ती जागा शैलाने घेतलीय, काकू. एका जागी एकच वर्कर. मघाशी सांगितलं ना?”

“सांगितलंत.”

“परत सांगतो, सोपं करून. ही सगळी जंगलातली मंडळी. यांना आपण कामाला पाठवायचं. कुणी काटक्या आणणार, कुणी डिंक, कुणी बोरं. त्यातून ज्यानं त्यानं आपलं शहर बांधायचं. आणि एकदा ठेवलेला वर्कर सीझन बदलेपर्यंत उचलायचा नाही. आल्झो, म्हणून नीट विचार करून ठेवायचा.”

अंजनाबाईंनी खार डिंकाच्या झाडापाशी ठेवली आणि हात पदराला पुसले, जणू खरंच डिंक लागला होता.

पन्नाशीला टेकलेला माणूस, मोठ्या कंपनीतला साहेब, आणि रविवारच्या भर दुपारी पुढ्यात हा सशा-खारींचा पसारा. पटाच्या टोकाला पुठ्ठ्याचं झाड उभं होतं. त्यावर धूळ बसू नये म्हणून वासुदेवने एक मऊ ब्रश बाळगला होता आणि मधूनमधून तो फांद्यांवरून फिरवत होता. खिडकीबाहेर खरी झाडं होती. तिकडे कुणी बघत नव्हतं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केलेल्या अंजनाबाई जर्मनीत न्युरेम्बर्गला येऊन खारीला नोकरी लावत बसल्या होत्या.

बसल्या होत्या त्या वरच्या मजल्यासाठी. वासुदेव-शैला या जोडप्याच्या घराचा वरचा मजला रिकामा होता: दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूने जिना. त्यांची मुलगी धम्मदीपा राहत होती ते घर मालकाला स्वतःच्या मुलासाठी हवं होतं, महिनाअखेर सोडायचं होतं. किती घरं बघून झाली, किती जणांनी हसून हात मिळवला आणि नंतर उत्तर दिलं नाही. अंजनाबाईंचं परतीचं तिकीट त्याच सुमाराचं. लेक उघड्यावर असताना विमानात पाय ठेवायचा कसा, या एका विचाराने त्यांची झोप उडाली होती. मग मराठी मंडळात शैलाताई भेटल्या. “कागदबिगद नंतर बघू गं, आपल्याच माणसांना काय! रविवारी खेळायला या. बसल्या-बसल्या ओळख होते.”

ओळख कसली, परीक्षाच होती. ते अंजनाबाईंना कॉफीचा पहिला कप येण्याआधीच कळलं होतं. धम्मदीपाला कळलं होतं की नाही, कोण जाणे. तिने तर खाली मान घालून चांगलं शहर उभं केलं होतं.

“दीपा, तू आधी खेळलीयस वाटतं,” वासुदेव म्हणाला. स्वरात कौतुकापेक्षा तक्रारच जास्त होती.

“लॅबमध्ये खेळतो कधी कधी.”

लॅबमध्ये, मंडळात सगळे तिला दीपाच म्हणत. जर्मनांना पूर्ण नाव झेपत नाही म्हणून तिनेच ते तोडून दिलं होतं.

शैलाताईंनी केकचा तुकडा अंजनाबाईंच्या ताटलीत वाढला. “घ्या हो काकू, अंडं नाहीये. तुमच्याकडे चालतं का अंडं?”

“चालतं.”

“चालतंच हो हल्ली सगळ्यांना. आम्ही पण काही तसलं मानत नाही.” त्यांनी चमचा नीट पुसून ठेवला. “पण मागचे भाडेकरू होते ना, त्यांच्याशी नाही जमलं. माणसं वाईट नव्हती हं. पण घरात देव आहेत, सणवार असतात, वरखाली येणं-जाणं होतं. आधी कळलं असतं तर दोघांचाही त्रास वाचला असता. नावावरून काही कळलंच नाही बघा.”

“शैला, तुझी टर्न.”

“हो, हो, खेळते.” त्यांनी ससा उचलून काटक्यांवर ठेवला. “गाव कुठलं म्हणालात, काकू?”

“वर्ध्याजवळ.”

“अय्या, वर्धा! आणि दीपा म्हणजे काय हो, दीपाली ना?”

प्रश्न इतका गोड होता की त्यात साखर कुठे संपते आणि सुरी कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. धम्मदीपाने हातातल्या खेळाच्या पानांवरून मान वर केली. तोंड उघडलं. पण तिच्या आधी अंजनाबाई बोलून गेल्या.

“हो. दीपालीच.”

“वाटलंच मला! माझ्या मामेबहिणीची मुलगी दीपाली. गोड नाव.” शैलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ब्रश खाली ठेवला, उठून दारामागच्या खुंटीवरून किल्ली काढली आणि पटाच्या कडेला, पुठ्ठ्याच्या झाडाखाली आणून ठेवली.

“खेळ संपला की वर जाऊन बघून या. आवडेलच. गेनाऊ, अगदी तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलीय जागा.”

जमलं, असं अंजनाबाई मनात म्हणाल्या. एकदा सामान वर चढलं की कागदावर काय लिहिलंय ते बघून कोण कुणाला हाकलतंय. त्यांनी केकचा तुकडा तोंडात घातला. अंजनाबाईंच्या नवऱ्याने विहाराच्या ओट्यावर अर्धं गाव जमवून, लेकीला दोन्ही हातांवर धरून धम्मदीपा हे नाव मोठ्याने उच्चारलं होतं. मास्तरांनी शाळेत ते छोटं करून लिहिलं, तेव्हा मजुरी बुडवून तो भांडायला गेला होता. आता तो नव्हता.

“दीपा, तू.”

“पास,” धम्मदीपा म्हणाली.

“पास कसं? तुझे वर्कर शिल्लक आहेत. शहरात जागा आहे. पास म्हटलंस की या गेममधून तू बाहेर.”

“माहितेय.”

तिने पानं पालथी ठेवली आणि हात मांडीवर घेतले. मग तिने आईकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर अंजनाबाईंनी तो सहज झेलला असता. कॉफी आल्यापासून त्या स्वतः ज्या नजरेने त्या लाकडी खारीकडे बघत होत्या, त्याच नजरेने लेक त्यांच्याकडे बघत होती. जिथे ठेवलं तिथे बसणारी, चार काटक्यांसाठी कुणाच्याही बोटांनी हलणारी.

अंजनाबाईंनी घास पाण्याबरोबर खाली ढकलला. हात लांब केला आणि डिंकाच्या झाडापाशी ठेवलेली आपली खार उचलली.

“काकू, नाही,” वासुदेव लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला. “ठेवलेला वर्कर मध्येच उचलता येत नाही.”

“तुमच्यात येत नसेल.”

“अहो, रूल आहे तो.”

“असेल.” त्या शैलाताईंकडे वळल्या. “दीपाली नाही तिचं नाव. मी खोटं बोलले. धम्मदीपा आहे. तिच्या वडिलांनी दिलंय. आता कळलं ना नावावरून?”

शैलाताई हसल्या. हसू ओठांवरच राहिलं. “अहो, आम्ही कुठे काय विचारलं...”

“विचारलंत. चांगलं गोड विचारलंत.”

वासुदेवने ब्रश उचलला, झाडावरून एकदा फिरवला आणि परत ठेवला. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने किल्लीकडे पाहिलं. किल्ली झाडाखाली, जिथे ठेवली होती तिथेच होती.

धम्मदीपाने टेबलाखालून आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अंजनाबाईंनी खार आपल्यापुढे उभी केली, बोटाने तिची शेपटी पुसली, आणि थंड झालेल्या कॉफीचा एक घोट घेतला.

“चला,” त्या म्हणाल्या, “खेळा. तुमची टर्न आहे.”