मुकी आत्या

लुना कोन्फोर्ती बेल्ग्रेडहून पळाली तेव्हा तिच्या गल्लीतली ज्यू माणसं जर्मनांनी नेली होती. त्यातलं कुणी परत आलं नाही. लेक सारिना आणि जावयाला घेऊन ती अल्बेनियात, बेरातच्या वरच्या डोंगरात, रुस्तेम नावाच्या मुसलमान शेतकऱ्याच्या घरी पोचली. सारिना भाषा पटकन शिकली. लुनाच्या तोंडी मात्र तिच्या ज्यू समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जुनी स्पॅनिशच. म्हणून रुस्तेमच्या बायकोनं, नाझमियेनं, गावात सांगून टाकलं, "ह्यांची आत्या आहे. जन्माची मुकी."

लुना मुळातली बडबडी. चारचौघांत ओठ मिटून बसताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. दीड वर्ष तिनं ते निभावलं.

मग ऐन उन्हाळ्यात सारिना अडली. जावई डोंगरात जर्मनांशी लढत होता. नाझमिये पाणी तापवत होती, लुना लेकीची कंबर दाबत होती, आणि नेमके तेव्हाच झडतीला जर्मन सैनिक आले. त्यांच्याबरोबर गावचा म्हातारा मुखिया देमीर होता. तरुणपणी ऑस्ट्रियन फौजेत हमाली केल्यामुळे त्याला मोडकी जर्मन यायची.

एका सैनिकानं खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. आत सारिना किंचाळली. लुनाचं भान सुटलं.

"चालता हो मेल्या! बाळंतिणीच्या खोलीत शिरतोस? आईनं काही शिकवलं नाही तुला?" ती आपल्या भाषेत कडाडली.

सैनिकानं देमीरकडे पाहिलं.

देमीर कपाळाला हात लावून जर्मनमध्ये म्हणाला, "वेडी आहे हो म्हातारी. बाळंतपण बघितलं की अशीच काहीबाही बरळते. चला, नाहीतर अंगावर धावेल."

सैनिक दोन कोंबड्या घेऊन गेले. दुपार कलायच्या आत सारिनाला मुलगी झाली.

संध्याकाळी देमीर चीज घेऊन आला. लुनानं सारिनाकरवी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात," देमीर हसला. "आत्याबाई, मुकी बाई रोज कोंबड्यांशी भांडते होय? सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"काय बोलायचं? पाहुणे तुम्ही आमचे."

नाझमिये तणतणली, "आणि मी बावळट, दीड वर्ष विहिरीवर शपथा खातेय!"

लुनाला आधी रडू फुटलं, मग हसू. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली आणि मोडक्यातोडक्या अल्बेनियनमध्ये नातीचं कौतुक सांगत बसली. बायकांनी तिच्या चुका सुधारल्या, तिला अंजीर खाऊ घातले. मुलीचं नाव त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे जित्या आजीचं, लुना. सारिनानं त्याला नाझमिये जोडलं. पानगळीत जर्मन गेले. जावई धडधाकट परतला, तेव्हा अंगणात चांगलं ऊन पडलं होतं आणि आजी आणि नाझमिये बाळाला न्हाऊ घालत होत्या.