वर्कशॉपमधून आलेला फोन

फोन वाजला तेव्हा चंपा विक्रोळीतल्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटत होती. हात पिठाने माखलेले, म्हणून तिने करंगळीनेच मोबाइल स्पीकरवर टाकला.

"सम्यकची आई ना? शाळेच्या ऑफिसातून बोलतेय. वर्कशॉपमध्ये जरा गडबड झालीय. लगेच या."

"काय झालंय? लागलं का त्याला?"

पलीकडे घंटा घणघणली, पोरांचा गलका उठला आणि फोन कटला. तिने उलट लावला. एंगेज. परत लावला, परत एंगेज. "माणिकदादा, तव्यावर लक्ष ठेवा," एवढंच ओरडून ती तशीच निघाली. हात धुवायचंही भान राहिलं नाही.

घाटकोपरला शाळेकडे जाणारा रस्ता खोदून ठेवलेला. रिक्षा दहा पावलं पुढे सरकायची आणि थांबायची. चंपाच्या डोळ्यांपुढून नवऱ्याचा, भीमराजचा, उजवा हात हलेना. सम्यक रांगत होता तेव्हा साकीनाक्याच्या कारखान्यात प्रेसखाली भीमराजची दोन बोटं अर्धी गेली होती. म्हणूनच पोराने नववीत टेक्निकल घेतलं तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं होतं. भीमराजच तिला म्हणाला होता, "शिकू दे गं. मला कुणी शिकवलं? पहिल्या दिवशीच नेऊन मशीनवर उभं केलं. शाळेत आधी शिकवतात, मग हात लावू देतात."

'शिकवतात म्हणे,' ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती. 'आता काय सांगशील?'

"भय्या, जल्दी करो ना!"

"मॅडम, उडवून नेऊ का?" रिक्षावाला म्हणाला, पण आरशात तिचा चेहरा बघितला आणि गुपचूप गल्लीतून गाडी घातली.

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाकावर सम्यक मान खाली घालून बसला होता. चंपाने काही न विचारता त्याचे दोन्ही हात ओढले, उलटेपालटे करून पाहिले, एकेक बोट दाबलं. मग डोळे, मग डोकं. त्याच्या बाह्यांना पीठ लागलं.

"आई, अगं काय करतेस? मला काही नाही झालं."

"मग कुणाला झालं?"

"नितेशला. मी ढकललं त्याला."

तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली. "मशीनपाशी ढकलाढकली करतोस? तुझ्या बापाचा हात रोज बघतोस ना रे?" तिचा हात उगारला गेला.

"ताई, थांबा!"

रेवती मॅडम आतून धावतच आल्या. वर्कशॉप त्याच शिकवायच्या. त्यांच्यामागे नितेश होता, कपाळावर बर्फाची पिशवी धरून. त्याच्या मानेवर एक लाल वळ उठला होता.

"त्याने ढकललं म्हणून हा उभा आहे," मॅडम म्हणाल्या. "नितेश ड्रिल मशीनवर भोक पाडत होता. वाकला आणि गळ्यातलं आयकार्ड शर्टातून बाहेर आलं. फीत फिरत्या ड्रिलमध्ये गुंडाळायला लागली. मी पलीकडच्या टेबलाशी होते, माझं लक्ष जाईपर्यंत सम्यकने मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं आणि याला मागे लोटलं. फीत तुटली. हा पडला, टेंगूळ आलं, बस. ऑफिसात कुणीतरी अर्धवट ऐकलं आणि तुम्हाला फोन केला. तुम्हाला उगाच घोर लागला, माफ करा."

चंपा बाकावर बसली.

"चूक माझी आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "बांगड्या, ओढण्या सगळं काढायला लावते, पण कार्ड शर्टात खोचलं तरी चालेल म्हणायचे. आता नाही. कार्ड दाराशीच काढून ठेवायचं, माझंसुद्धा." त्यांनी स्वतःच्या गळ्यातली फीत काढून मुठीत गुंडाळली.

एवढ्यात नितेशची आई, सुलक्षणा, तावातावाने जिना चढून आली. "माझ्या पोराला कुणी ढकललं?"

"मी," सम्यक उभा राहून म्हणाला.

तिने तोंड उघडलंच होतं. पण नितेशनेच तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने त्याच्या मानेवरच्या वळावरून हलकेच बोट फिरवलं. मग ती चंपाशेजारी येऊन बसली आणि तिचे पिठाचे हात घट्ट धरले. "बाय गे," ती म्हणाली. पदराने डोळे पुसून ती मालवणीतच पुढे म्हणाली, "तुझ्या झिलान माझ्या झिलाक वाचवल्यान."

चंपाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर तिथेही पांढरे ठसे उमटले. ते बघून नितेशला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.

"आई, मी जाऊ?" सम्यक चुळबुळत म्हणाला. "तास अजून संपला नाही. माझं भोक पाडायचं राहिलंय."

चंपाने मॅडमकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जा," ती म्हणाली. "बाह्या वर कर आधी."

तो गेल्यावर तिने भीमराजला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," भीमराज म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "तू जेवलीस का?"