थांबलेला रिपोर्ट

हॉस्पिटलचा जुना प्रोग्राम म्हणजे एकच अवाढव्य गुंता होता. पेशंटची नोंदणी, तपासण्या, औषधं, वॉर्ड, सगळं एकमेकांत अडकलेलं. इथे हात लावावा तर तिकडे भलतंच काहीतरी बंद पडायचं. त्यातला लॅबचा भाग सोडवून वेगळा करायचं काम नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रामरकडे आलं.

तिने जुन्याला न छेडता शेजारी नवा भाग उभा केला. प्रत्येक तपासणी दोन्हीकडे जायची. वॉर्डात जुन्याचाच रिपोर्ट पोचायचा, नव्याचा ती नुसता ताडून बघायची. सगळं जुळत होतं. मग एका दुपारी नव्याने एका तान्ह्या बाळाचा रिपोर्ट लगेच दिला आणि जुना मात्र तो अडवून बसला.

सहकारी म्हणाले, म्हातारा झालाय बिचारा, अडतो मधूनच, सोडून दे. तिला काही चैन पडेना. कोड उकरून काढल्यावर रिपोर्ट थांबवणारी ओळ सापडली. कशासाठी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती लिहिणारे होते तिच्या नवऱ्याचे मामा, याच हॉस्पिटलातून निवृत्त झालेले. फोनवर मामांना काही केल्या आठवेना. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते चष्मा पुसत हजर.

दोघं खोटे पेशंट भरून बघत बसले. मुलगा, मुलगी, अपुऱ्या दिवसांचं बाळ; प्रोग्राम कुठेच अडेना. चहा गार झाला. मग तिने सहज एकाच आईला दोन बाळं दिली. दुसऱ्याचा रिपोर्ट थांबला.

"जुळी," मामा हळूच म्हणाले.

नाव ठेवेपर्यंत बाळाची नोंद आईच्याच नावावर व्हायची. जुळ्यांचे रिपोर्ट एकाच नावाने निघाले तर कोणता कोणाचा हे कसं कळणार? म्हणून नर्स बाळाच्या पायातल्या पट्टीचा क्रमांक भरेपर्यंत दुसरा रिपोर्ट अडून राहायचा. वॉर्डात फोन केला, तर खरंच काल तिथे जुळ्या मुली जन्मल्या होत्या. आपण नवा भाग घाईने सुरू केला असता तर एकीचा रिपोर्ट दुसरीच्या नावावर गेला असता, हे तिच्या लक्षात आलं.

"सूनबाई, तात्पुरतं म्हणून लिहिलं होतं गं मी ते," मामा ओशाळून म्हणाले.

ती ओळ तिने नव्यात तशीच उतरवली नाही. प्रत्येक बाळाला जन्मतःच स्वतःचा नंबर मिळेल अशी सोय केली, पुन्हा सगळं ताडून पाहिलं, आणि लॅबचा जुना भाग कायमचा बंद झाला.

आता औषधांची पाळी होती. तोही भाग तुम्हीच लिहिलाय का, असं तिने मामांना विचारलं.

"बहुतेक. आत काय काय करून ठेवलंय, मलाच बघायचंय. उद्या येतो."