शेषेरावची शपथ

किल्लारीच्या शेषेरावला चाळीस वर्षांच्या संसारात मिठाचा डबा कुठं असतो ते ठाऊक नव्हतं. तो सापडायला बायकोला कॅन्सर व्हावा लागला. असल्या नवऱ्यांनी गावंच्या गावं भरलीत, अन् वर मिशांना पीळ.

गुणाबाईचे किमो सुरू झाले म्हणून लातुरात दवाखान्यामागं दोघांनी खोली घेतली. डॉक्टरीण म्हणाली, "सोमवारपर्यंत वजन आणखी घटलं तर पुढचा डोस थांबवावा लागंल."

शेषेराव हादरला. खिचडी शिजवायची, ताट तिच्यापुढं आदळायचं अन् वसकन ओरडायचं, "खा!" ती तोंड फिरवायची. मग त्यानं शपथच घेतली: ही जेवल्याबिगर आपण जेवायचं न्हाई.

दोन दिवसांनी तो जिन्यातच मटकन बसला. शेजारचा चन्नबसप्पा धावला. त्यानं स्वतःच्या बायकोचे सगळे किमो निभावले होते. मागून समोरच्या खोलीतली केवळाबाई आली. तिनं आधी सासूचं, मग नवऱ्याचं असलंच दुखणं काढलेलं.

"पेशंट नेमकं कोण हाय हो तुमच्यात?" तिनं विचारलं.

शेषेरावनं शपथ सांगितली. छाती फुगवून सांगितली.

"लई पराक्रम केला, अण्णा," चन्नबसप्पा म्हणाला. "अन् वहिनी तुमच्या आधी कधी जेवल्यात का?"

"न्हाई. आमच्यात बाया आधी..." शेषेरावची जीभ अडकली.

केवळाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं माय! ती ह्यांच्या जेवणाची वाट पाहून राहिली, हे तिच्या! खिचडी चाखली तरी होती का, भाऊ?"

"चाखणार कशी? शपथ हाय ना."

"चला. आधी तुम्ही जेवा, तिच्यासमोर. अन् फोडणी बंद. किमोत तो वास सोसत न्हाई."

शेषेराव गुणाबाईपुढं मांडी घालून बसला. सकाळच्या खिचडीचा घास घेतला. नुसतं मीठ! डोळे पांढरे झाले. तो थुंकायला उठणार, तोच ती म्हणाली, "गिळा! मला 'खा' म्हणून ओरडून राहिलते ना?"

त्यानं गिळला. गुणाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग केवळाबाईनं आणलेला गार वरणभात तिनं ओढला अन् थोडा थोडा करून संपवला.

"मीठ पाहिजे का?" शेषेरावनं हळूच विचारलं.

"तुमच्या हातचं नगं."

सोमवारी ती वजनकाट्यावर चढली. डॉक्टरीण आकडा बघून चमकली. मग खाली वाकली.

"काका, पाय काढा."

शेषेरावनं अंगठा मागं घेतला. आकडा उतरला, तरी मागच्या वेळच्या खाली गेला न्हाई.

"डोस देऊ या," डॉक्टरीण म्हणाली. "काकांना बाहेर बसवा."