दहा लाख नऊ

सातने भागलं, तीन उरले.

कलावतीचा चष्मा अजून फ्रिजवर.

गोल बाजारातून आणलेली दोनशे पानी वही, चौकटींची.

एकशे एकने भागलं, आठ उरले.

"बाबा, खाना खाया?" "हव." "और?" "और काही नाही."

हे शेवटचं बोलणं सगळ्यात जुनं. बायको, कलावती, होती तोवर लेकीचा फोन तिचा. तुळशीरामच्या हाती आला की बापलेक दोन वाक्यांत आटपत. ती गेली आणि त्या दोन वाक्यांचीही पंचाईत झाली. मग एका संध्याकाळी चेन्नईहून रीनानेच डाव मांडला. "दहा लाख नऊ. मूळ संख्या आहे का, सांगा. कॅल्क्युलेटर नाही. दोनपासून सुरू, रोज एकच भागाकार. संध्याकाळी सात वाजता फोन."

तुळशीरामची चौतीस वर्षं रायपूरच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांचे नंबर उतरवण्यात गेली. रीना लहान होती तेव्हा तेच नंबर तो घरी आणायचा. हा तीनने तुटते का, पोट्टी? अन् हा अकराने?

हजाराचा वर्ग दहा लाख, म्हणून हजाराच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. एकीनेही भाग गेला नाही तर दहा लाख नऊ मूळ. गेला, तर तिथंच डाव खलास.

तो बाकी सांगे. पलीकडे रीना टकटक बटणं दाबून ताळा करी आणि "सही" म्हणे. त्या "सही"नंतर गप्पा सुरू. सदर बाजारात स्कूटर कशी अडकली, तिच्या मेसचा भात कसा चिकट. एकदा ती आईबद्दल बोलली, चांगली पंधरा मिनिटं.

बासष्टावा दिवस, दोनशे त्र्याण्णव. तुळशीरामने भागलं. बाकी शून्य.

उलट गुणून पाहिलं. ३४१३ गुणिले २९३. दहा लाख नऊ, एकाचाही फरक नाही.

चौतीस वर्षांत त्याने एक नंबर जाणूनबुजून चुकीचा सांगितला नव्हता. वहीतल्या शून्याकडे तो बघत बसला. पेन हातात, पण खाडाखोड करवेना.

सात वाजले.

"बोला बाबा, कितना बचा?"

त्याने वही मिटली. "चार."

पलीकडे टकटक झाली नाही.

"काहून, आज ताळा नाही करत, पोट्टी?"

"जरूरत नहीं," रीना म्हणाली. "सही है. कल तीन सौ सात. आज काय केलं जेवायला?"

"वांगं," खुर्ची पुढे ओढत तो म्हणाला. "जळलं थोडं. तुझ्या आईचं कधी जळत नव्हतं."

"जळायचं, बाबा. तेवढं ती स्वतः खायची."

हजाराच्या आत एकशे अडुसष्ट मूळ संख्या आहेत. अजून एकशे सहा बाकी.